नोटरीबाईंसमोर सुटलेलं लग्न

(तेओदोसिया अयाकुचोच्या बाजारात पाव विकते. तिची भाची नेलिदा सकाळीच लीमाहून आली आहे आणि टोपल्यांमागे तिच्याजवळ बसली आहे.)

नेलिदा : म्हणजे सबीनामावशी इतकी वर्षं लग्नाची नव्हतीच?

तेओदोसिया : नव्हती. अर्ध्या गल्लीचं तसंच आहे, विचारतंय कोण. तीस वर्षं एका चुलीवर रांधलं, दोघांनी मिळून विटा रचून घर उभं केलं, मग आपण नवराबायको नाही असं मनात तरी येईल का? पण फोर्तुनातोच्या छातीनं दगा दिला आणि त्याचे पुतणे यायला लागले. काकाची तब्येत बघायला आलो म्हणायचे आणि अंगणात दोरी धरून मापं घेऊन जायचे.

नेलिदा : म्हणून काका नोटरीकडे गेले?

तेओदोसिया : स्वतःच कागद खरडून गेला. घर सबीनाचं, एवढंच लिहिलेलं. त्याला वाटलं, शिक्का बसला की संपलं. नोटरीबाई म्हणाल्या, शिक्का मारते, पण सही तुमची आहे आणि ती माझ्यासमोर केलीत, एवढंच तो सांगेल. घर कोणाचं ते नाही सांगणार. फोर्तुनातो घरी आला तो धुमसतच. म्हणाला, एवढा मोठा शिक्का आणि मेल्याला वाचता येत नाही.

नेलिदा : मलाही नाही कळलं. मग शिक्का घ्यायचाच कशाला?

तेओदोसिया : उद्या कोणी म्हणालं ही सही याची नव्हेच, तर तिथे तो कामाला येतो. घर द्यायचं तर रीतसर दस्त करावा लागतो, आणि तो नोटरीबाईच करतात. पण बाईंनी दुसरी वाट सुचवली. तुम्ही दोघं संसार करता हे माझ्यासमोर जाहीर करा, म्हणजे मागे राहील त्याला वारसाहक्क मिळेल. त्यासाठी दोन साक्षीदार हवेत आणि नवराबायको म्हणवणारे दोघं अविवाहित असल्याचे दाखले. एक साक्षीदार मी. नवी हॅट घालून गेले होते.

नेलिदा : आणि दाखले?

तेओदोसिया : सबीनाचा मिळाला. त्याचा मिळेना. सरकारदरबारी तो विवाहित होता.

नेलिदा : कोणाशी?

तेओदोसिया : झेनोबियाशी. पहिली बायको होती हे सगळ्यांना ठाऊक होतं गं, पण ती मेली होती. बंडखोर आणि लष्कर लढत होते त्या वाईट वर्षांत वर डोंगरातलं त्यांचं गाव जाळलं, तेव्हा हा इथे गवंडीकामाला आला होता. परत जाऊन बघतो तर राख. कोणी म्हणालं, संपली. यानं मानलं. मृतांच्या दिवशी तिच्या नावाचा पाव सबीना स्वतः भाजायची.

नेलिदा : मग मृत्यूचा दाखला द्यायचा.

तेओदोसिया : कुठून? मेलेलं कोणी पाहिलं होतं? मी नोटरीबाईंना म्हटलं, मी लिहून देते, सगळं गाव जाणतं ती मेली म्हणून. त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग लिहू नका."

नेलिदा : बरं झालं नाही लिहिलंस.

तेओदोसिया : मला तेव्हा राग आला होता. पण त्यातून गोष्ट फुटली, आणि त्यांच्या गावचा एक म्हातारा इथेच पाव घेता घेता म्हणाला, झेनोबिया? ती तर नास्काच्या बाजारात संत्री विकते.

नेलिदा : काका गेले?

तेओदोसिया : त्याला चार पावलं चालवत नव्हतं. सबीना गेली. रात्रभर बसमध्ये आपण कोणाला भेटायला चाललोय, सवतीला की भुताला, तेच तिला उमजेना. आधी संत्री घेतली, मग म्हणाली, मी फोर्तुनातोच्या घरून आले. झेनोबियानं हातातली पिशवी खाली ठेवली. तिनं एकच विचारलं, "त्याची कबर सापडली का?"

नेलिदा : म्हणजे तिलाही...

तेओदोसिया : तिलाही लोकांनी तेच सांगितलं होतं. दोघं जिवंत, आणि दोघं एकमेकांची विधवा-विधुर. ती सबीनाबरोबरच आली. उंबऱ्यात उभी राहिली तर फोर्तुनातो आधी ओळखेना. घरात कोणी रडलं नाही. कोणासाठी रडायचं तेच ठरत नव्हतं.

नेलिदा : भांडली नाही ती? घर नाही मागितलं?

तेओदोसिया : म्हणाली, माझं घर तेव्हाच जळलं, हे तुमचं. दोघं राजी असतील तर लग्न नोटरीकडेही सुटतं, कोर्टात जावं लागत नाही. फोर्तुनातोला धरून मी आत नेलं, म्हणून ऐकलं सगळं. बाईंनी कागद मोठ्यानं वाचला, दोघांना वेगवेगळं विचारलं, स्वखुशीनं ना? मग झेनोबिया म्हणाली, "पण बाई, आम्ही तर गाव जाळलं त्या दिवशीच सुटलो. ती तारीख घालता येईल का?"

नेलिदा : बाई काय म्हणाल्या?

तेओदोसिया : त्यांनी कागद खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यासमोर जे घडतं त्याचीच तारीख मी घालू शकते. आजची."

नेलिदा : आणि तिनं सही केली?

तेओदोसिया : केली. दोन महिने थांबावं लागलं, मग शेवटचा कागद झाला. सबीनाला वाटलं, आता तो संसार जाहीर करायचा कागद होईल. तर बाई म्हणतात, पहिलं लग्न उभं असतानाची वर्षं धरता येत नाहीत, आजपासून नव्यानं दोन वर्षं मोजा. तीस वर्षं पाण्यात. त्यापेक्षा सरळ लग्न करा म्हणाल्या, बायको झाली की पुतण्यांचा प्रश्नच नाही. सबीना म्हणाली, मग लावा. तर म्हणे, मी सोडवू शकते, लावू शकत नाही. लग्न नगरपालिकेत.

नेलिदा : मला चक्करच यायला लागली, मावशी. झालं का मग?

तेओदोसिया : झालं, गेल्या शनिवारी. पुतणे आले नाहीत, तेवढंच अन्न उरलं. पाहुणे गेल्यावर बघते तर सबीना दाराबाहेरच्या दगडावर बसलेली. म्हटलं, आत का जात नाहीस? म्हणाली, "तेओ, या घरात मी इतकी वर्षं अशीच शिरत आले. आता बायको म्हणून कसं शिरायचं गं?"

नेलिदा : काय सांगितलंस तिला?

तेओदोसिया : मी तिच्याशेजारी बसायला गेले. तेवढ्यात आतून फोर्तुनातो खोकला आणि म्हणाला, आत ये नि दार लाव, वारा येतोय.