अपग्रेडमध्ये अडकलेला आवाज

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सर्वांच्या वाचा-उपचार तज्ज्ञ ताई, रुग्णालयातील सेवकवर्ग, आणि माझ्यासारखेच कुणा ना कुणा रुग्णाचं बोट धरून इथे आलेले श्रोतेहो,

मी इथली डॉक्टर नाही, कर्मचारीही नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. हाती माईक आला की घंटा होईपर्यंत थांबायचं नाही ही जुनी खोड आहे, तेव्हा अध्यक्षांनी वेळीच खाकरावं, अशी आधीच विनंती करते.

ताईंचा गौरव करायला थोर मंडळी आहेत. मी फक्त आमच्या घरात काय घडलं ते सांगते.

माझे यजमान मोटार चालवायला शिकवायचे. त्यांचा सगळा धंदा आवाजावर चालायचा. शेजारच्या सीटवर बसून घाबरलेल्या माणसाला “सावकाश, घाई नाही, रस्ता कुठे पळून जात नाहीये” असं म्हणायचं, की शिकणारा निर्धास्तपणे गाडी पुढे काढायचा. पुढे त्यांना स्नायूंचा आजार झाला. आधी हात गेले, एक अंगठा तेवढा हलायचा राहिला, मग पाय गेले, आणि आवाजही जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा ताई म्हणाल्या, “आवाज आहे तोवर साठवून ठेवूया.”

मग यजमान ताईंच्या खोलीत बसून वाक्यं बोलत आणि ताई ती संगणकात भरत. ‘पाणी हवंय’, ‘कूस बदला’ ही गरजेची होतीच. पण यांनी ‘जावईबापू, गाडी नीट लावा’ हेही भरलं. ‘तुझी भाजी आज बरी झालीये’ हेही भरलं, तेवढं एकच खोटं. ताईंनी एक निरोपाचं वाक्यही सुचवलं होतं. यांनी साफ नकार दिला. “ते नको. बाकी काहीही सांगा.”

आवाज गेला, पण घर मुकं झालं नाही. अंगठ्याखाली एक बटण होतं. पडद्यावर वाक्यं सरकायची, हवं ते आलं की हे बटण दाबायचे, आणि यांचाच आवाज खोलीत यायचा. वर्षानुवर्षं असं चाललं.

आणि एका सकाळी संगणकानं आपणहून नवं रूप घेतलं. पडदा काय सुंदर! रंग नवे, अक्षरं नवी. फक्त यांचा प्रोग्रॅम उघडेना. ‘हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालत नाही’ एवढंच लिहून आलं. अंगठ्याचं बटणही त्या नव्या रूपाला ओळखता येईना. जावयानं जुन्यावर परत जायचा प्रयत्न केला, जमलं नाही. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. संगणकवाल्यांच्या मदत केंद्रावर फोन लावला, तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, त्या जुन्या व्हर्जनचा सपोर्ट संपलाय.”

मी म्हटलं, “बाळ, माझा नवरा अजून संपलेला नाही.”

तिचा काय दोष? नवं येणारच. जुन्या दारांच्या कड्या ढिल्या होतात, चोर शिरतात, म्हणून दारं बदलावी लागतात, हे मला जावयानं समजावलं आणि पटलंही. पण दार बदलताना आत कोण बसलंय, हे कुणी हाक मारून विचारायचं की नाही?

जावयानं नवा प्रोग्रॅम आणि त्याला चालेल असं अंगठ्याचं नवं बटण आणलं. त्यातला आवाज बातम्या सांगणाऱ्यासारखा, स्वच्छ. यांनी तो ऐकला आणि डोळे मिटून घेतले. आमच्याकडे डोळे मिटणं म्हणजे ‘नाही’.

तेव्हा ताईंना फोन केला. त्या आल्या, बघितलं, म्हणाल्या, “वाक्यं संगणकात आहेत हो, पण त्यांचं कुलूप तो जुना प्रोग्रॅमच उघडू शकतो. आणि तो चालेल असा एकच संगणक मला ठाऊक आहे.”

तो संगणक याच इमारतीत होता. कानाची तपासणी करायचं यंत्र त्याच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या संगणकाला जुमानत नव्हतं, म्हणून बाकीचे जुने भंगारात गेले तेव्हा ताईंनी भांडून तो एक ठेवून घेतला होता. मी स्वार्थी बाई. म्हटलं, “ताई, तो आम्हालाच द्या ना.”

ताई म्हणाल्या, “नाही देता येणार. उद्या ज्या बाळाचा कान तपासायचाय, त्याच्या आईला मी काय सांगू? पण दुपारी पेशंट संपले की तो तुमचा. यांना घेऊन या.”

मी तेव्हा रागावले होते, खोटं कशाला बोलू. आज वाटतं, त्या ‘नाही’नंच ताईंची खरी ओळख झाली.

मग रोज दुपारी आमची वरात इथे. जुन्या संगणकावर एकेक वाक्य वाजवायचं आणि वायरीनं नव्यात भरून घ्यायचं. काही वाक्यं उघडलीच नाहीत. ‘तू जेवलीस का’ उघडलं, पण शेवटचा ‘का’ गायब! ताईंनी खटपट करून ‘उशीर का केलास’ मधला ‘का’ कापून तिथे जोडला. तो रागातला ‘का’. त्यामुळे आता रोज जेवणाच्या वेळी मला दरडावून विचारलं जातं, “तू जेवलीस... का!” ते पहिल्यांदा ऐकून यजमानांचे खांदे हसून हसून गदगदले. ताईंनी विचारलं, “बदलू?” यांनी डोळे मिटले.

काम झाल्यावर ताईंनी नवा आवाजही यांच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, “साठवलेल्या वाक्यांत सगळं आयुष्य मावत नाही. जे भरलं नाही, ते बोलायला हा लागेल.” या वेळी यांचे डोळे उघडेच राहिले. आता बँकेशी, डॉक्टरांशी तो नवा आवाज बोलतो. घरच्यांशी यांचा स्वतःचा.

मंडळी, यजमान आज इथे आले आहेत, त्या खिडकीपाशी बसले आहेत. ताई निवृत्त होणार हे कळल्यापासून ते एकेक अक्षर निवडून काहीतरी लिहीत होते. मी वाकून बघायला गेले की डोळे मिटायचे. साठवलेल्यात निरोपाचं वाक्य नाही, म्हणून ते नव्या आवाजातच येईल. हा नवा आवाज घरच्या माणसासाठी त्यांनी आजवर कधी वापरला नव्हता.

संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कमीजास्त गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मी आता माईक त्यांच्या जवळ धरते. अंगठा हलायला जरा वेळ लागतो. ताई, तेवढं थांबाल ना?