रुपरावचं वजन

रुपराव : ठेव आता खाली मुद्गल. डावा खांदा वर चढून राहिला तुया.

देवकी : थोडेसेच फेर राहिले जी.

रुपराव : राहू दे. या घरचा वस्ताद मी हाय का तू?

देवकी : तुमीच. खाटेवर पडल्या पडल्या हुकूम सोडता.

रुपराव : मंग आयक. मुद्गल पाठीमागं गेला का श्वास सोडायचा. तू धरून राहिली. दिवसभर त्या ग्राउंडवर कवायत, अन् घरी आल्यावर हे. जीव किती पुरन एका माणसाचा?

देवकी : शोभाताईनंबी आज टोकलं. कोर्सच्या सगळ्या पोरींसमोर. "देवकी, ड्रिल घेताना तुझा एक खांदा वर राहतो. उद्या शाळेत पोरी तुझं पाहूनच हात उचलतील, सगळी रांग वाकडी होईल. घरी काय करतेस तू?"

रुपराव : सांगतलं का मंग?

देवकी : काय सांगू? नवऱ्याचा मुद्गल फिरवतो म्हनून? त्या म्हनल्या, जे काही असेल ते बंद कर. एक तर ड्रिल टीचर हो, नाही तर पहिलवान हो. दोन्ही जमणार नाही.

रुपराव : खरं हाय त्याईचं. सोडून दे.

देवकी : अन् तुमाले कोन उचलन?

रुपराव : होईन काही.

देवकी : काय होईन? नर्सबाईनं काय सांगतलं होतं? घडीघडी कूस बदला, रोज खाटेवरून उतरवा, नाही तं पाठ सडते. पहिल्या दिवशी तुमाले उचलाले गेली अन् दोघंबी खाली पडलो. भुलले का?

रुपराव : नाही भुललो. माय पदर तोंडात धरून उभी होती.

देवकी : तवा तुमीच म्हनले, कोपऱ्यातला माया मुद्गल घे, मी शिकवतो. गांधीबागेच्या गोदामात कापडाची गाठ पाठीवर पडली तुमच्या अन् पाय गेले, तवापासून कोनी हात नव्हता लावला त्याले.

रुपराव : तवा तुया कोर्स नव्हता. आता हाय. शिबिराचं काय ठरवलं?

देवकी : नाही जात मी चिखलदऱ्याले.

रुपराव : शिबिर नाही तं सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही तं कामठीच्या शाळेतली नोकरी नाही.

देवकी : माहीत हाय मले.

रुपराव : आखाड्यातल्या देवरावशी अन् मारोतरावशी बोललो मी. तू नसताना दोघं येत जातीन. सकाळी अन् सांजच्याले.

देवकी : मले न विचारता?

रुपराव : विचारलं असतं तं तू हो म्हनली असती का?

देवकी : ते गडी माणसं. गव्हाचं पोतं उतरवल्यावानी उचलतीन तुमाले. चला, दारात बसवतो, हवा लागन जराशीक. हात टाका मानेत. असे. हं... झालं. टेकवली पाठ? दुखलं का?

रुपराव : नाही. पाह्य, कसा फुलावानी उचलला. पहिले गुडघे थरथरत तुये.

देवकी : हलके लागून राहिले तुमी.

रुपराव : ताकद आली तुले.

देवकी : एवढी? कालबी वाटलं मले. बसमधी एकटीच हसून राहिली होती मी, म्हनलं जमलं आपल्याले. खिडकीतली बाई पाहे माया तोंडाकडे.

रुपराव : मुद्गलाची करामत हाय.

जिजाबाई : मुद्गलाची नाही, रंभाबाईच्या बकरीची करामत हाय ते.

रुपराव : माय, तू आत जा.

जिजाबाई : काहून जाऊ? माया पोटचा हाय तू. आयक देवकी, तू कोर्सले जाते अन् मी याले ताट वाढतो. मायी पाठ फिरली का हा भाकर खिडकीतून टाकते. शेजारची ते बकरी पाह्य कशी फुगली. खिडकीखालून हालत नाही.

देवकी : कवापासून?

जिजाबाई : संक्रांतीच्या आगंमागं मले दिसलं.

देवकी : अन् आता सांगता, आई? होळी होऊन गेली!

जिजाबाई : मले वाटलं, पडल्या अंगाले भूक ते किती. पन परवा याचं अंग पुसून देत होती, तं बरगड्या हाताले लागल्या वं. लहानपनी हगवन लागली होती तवा लागत, तशा.

देवकी : खरं हाय का हे? मायाकडे पाहा. भिंतीकडे नाही.

रुपराव : हाय.

देवकी : काहून?

रुपराव : तू मले उचलते तवा तुये दात माया कानाजवळ असते. करकर वाजते ते. मले आयकू येते. रात्री झोपेत खांदा धरून कन्हते, तेबी आयकू येते. मी आखाड्यातला गडी, अर्ध्या मनाचा मुद्गल खेळवे. अन् तू तं माहेराहून आली तवा घागर उचलून दमे. मले दुसरं काय करता येते, सांग. पडल्या पडल्या एवढंच करता आलं.

देवकी : अन् मी तुमचं मरन उचलून खूश होऊन राहिली होती.

रुपराव : तसं नको बोलू.

देवकी : मंग कसं बोलू? शोभाताईसमोर मान खाली घालून उभी राहिली आज. मनात म्हनलं, खांदा वाकडा तं वाकडा, माया मानूस तरी उचलला जाते त्याच्यानं. अन् मानूसच अर्धा राहिला!

जिजाबाई : रडू नोको बाई. मी तुमचं मोडाले नाही सांगतलं.

देवकी : मी नाही जात शिबिराले. कोर्सबी नाही करत.

रुपराव : मंग मी पानीबी नाही पेत. थट्टा नाही करत. तुले माहीत हाय मी कसा हाय. गोदामवाल्यानं हात वर केले. मायचे गुडघे गेले. तू घरात बसली तं तिघंबी या भिंतीकडे पाहत बसू. तू जा. मी जेवतो.

देवकी : माया डोक्यावर हात ठेवून सांगा.

रुपराव : ठेवला. जेवतो. दोन्ही टाईम.

देवकी : आई, तुमी समोर बसान?

जिजाबाई : समोर बसतो अन् खिडकीबी लावून घेतो. जाय तू.

(वैशाखातली संध्याकाळ. दारात देवकीची पत्र्याची पेटी.)

देवकी : आई, बाहेर एवढ्या चपला कोनाच्या? अन् यांची खाट कुठी हाय?

जिजाबाई : बस आधी.

देवकी : खाट कुठी हाय?

जिजाबाई : धुतली. मागं वाळत टाकली.

देवकी : कवा?

जिजाबाई : आज पहाटे. देवरावनं तार केली तुमच्या शिबिराच्या पत्त्यावर.

देवकी : पहाटेच्याच गाडीनं निंघालो आमी, तार कुठची भेटते मले.

जिजाबाई : दुपार टळेपर्यंत वाट पाहिली वं तुयी. पन ऊन असं तापलेलं. मारोतराव म्हने, मावशी, आता नाही ठेवता येत.

देवकी : जेवले नसतीन. मले माहीत होतं. डोक्यावर हात ठेवून फसवलं.

जिजाबाई : नाही. जेवला तो. माया हातानं जेवला, रोज, दोन्ही टाईम. शेवटी घास गिळवे ना तरी पानी मागून गिळे. खोटा नाही वागला माया लेक.

देवकी : मंग?

जिजाबाई : पाठीची जखम चिघळली. ते गडी येत, जीव लावून उचलत, पन त्याईले तुयावानी जमे नाही. पाठ घासे. अन् रात्री कूस बदलाले मी एकटी. लावला जोर, बाई. नाही हालला मायाच्यानं. मंग ताप चढला.

देवकी : मले काहून नाही बोलावलं?

जिजाबाई : बोलावू दे ना त्यानं! डॉक्टर येऊन गेला तवाबी म्हने, तिची शिबिरातली परीक्षा होऊ दे. काल सांजच्याले तेच विचारे, झाली असन का वं माय? मी म्हनलं, झाली.

देवकी : किती जनांनी नेलं?

जिजाबाई : चौघांनी. जसं नेतेत तसं.

देवकी : चौघं काहून, आई? मी एकटीनं नेलं असतं.

जिजाबाई : रडून घे, देवकी. बाया विहिरीवर गेल्या, येतीन आता. आल्या का कुंकवाले हात लावतीन तुया.

देवकी : येऊ द्या.

जिजाबाई : नाही. आज नाही लावू देत मी. मले काय म्हनाचं ते म्हनतीन. पेटी आत घे. पास झाली का?

देवकी : झाली. शोभाताईनं शाळेत सांगून ठेवलं.

जिजाबाई : कवा लागते शाळा?

देवकी : जूनमधी. सकाळची हाय. अंधारातच बस धरा लागन कामठीची.

जिजाबाई : मंग मी उठत जाईन तुयासंगं. चूल मी पेटवीन.