चादरीचं टोक

(लाँड्रीची मागची खोली. दोन जावा समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालताहेत.)

थोरली : आजही सोडलंस टोक.

धाकटी : निसटलं, ताई.

थोरली : तू रुसलीस की असंच निसटतं. नवीन आलीस तेव्हा मी तुझ्या भाजीला नाव ठेवलं, तर आठवडाभर चादरी जमिनीवर. आता काय बोलले मी, तेवढं सांगून टाक. आठ दिवस जिवाला घोर लागलाय.

धाकटी : काही नाही बोललात.

थोरली : मग भावजींनाच विचारते.

धाकटी : त्यांना नका सांगू. लगेच घडीचं मशीन आणतील नि मला गल्ल्यावर बसवतील.

थोरली : मशीन कशाला? झालंय काय?

धाकटी : बोटं मिटत नाहीत. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका, की चिमटीत काही राहतच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेली की हार्मोन कमी होतात, बऱ्याच जणींचे सांधे मग असे धरतात. अंगठ्याला पट्टा दिलाय.

थोरली : कुठाय?

धाकटी : उशीखाली.

थोरली : शहाणीच आहेस. उशीचा अंगठा दुखतोय का?

धाकटी : लावला तर तुम्हाला दिसला असता.

थोरली : अगं, माझी पाळी गेली तेव्हा गुडघ्यांनी हेच केलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला तुलाच का पाठवायचे मी?

धाकटी : तुम्ही म्हणायचात, अंगाला ऊन लागू दे.

थोरली : थापा मारायचे.

धाकटी : ताई, मशीन आलं तर आपण बोलायचं कुठे? सासूबाई होत्या तेव्हापासून जे काय सांगितलं, ते टोकाला टोक लावायला पुढे आलो की हळूच. दिवस गेलेत हेसुद्धा आधी तुम्हाला सांगितलं, इथेच.

थोरली : आणि माझी आई गेली तेव्हा तू चादर खाली घेतलीच नाहीस. बाहेर गिऱ्हाइकं होती, मला रडता यावं म्हणून आडोसा धरून उभी राहिलीस. हात भरून आले असतील तुझे.

धाकटी : तेव्हा नव्हते दुखत.

थोरली : जा, पट्टा घालून ये. आणि टोक चिमटीत धरू नको, मनगटाला गुंडाळ. अगदीच नाही जमलं तर येऊ दे मशीन, घरच्या चादरींच्या घड्या आपण घालू.

धाकटी : घड्या वाकड्या येतील.

थोरली : येऊ देत. आठ दिवसांचं सांगायचं राहिलंय.