बल्ब पेटल्याशिवाय

हॅलो?… हां, बोल. पोचलास का?… मग इतका वेळ काय करत होतास? मी इथे फोन हातात धरूनच बसलेय.

हो, हो… अरे हळू. नीट सांग. किल्ली कुणी दिली?… शेजारच्या वहिनींनी. बरं. सकाळी मला फोनही त्यांचाच आला होता, बोर्डावरचं आपल्या दुकानाचं स्टिकर बघून. म्हणाल्या, काल काकूंना विजेचा धक्का बसल्यापासून बाथरूममध्ये पाऊल टाकायची कुणाची हिंमत होत नाहीये, तुमचा माणूस पाठवा.

मेन स्विच बंद केलास ना आधी?… नक्की?… चिडतोस काय, उगाच नाही तुला ठिणग्या म्हणत; मोठी बहीण आहे, विचारणारच.

काकूंचं काही कळलं?… अजून शुद्ध नाही… मशीनवरच आहेत… देवा.

आणि घड्याळवाले काका?… तिथेच, दवाखान्याच्या बाकावर… काय म्हणतायत?… नाही कळलं, परत सांग… 'मीच बटण दाबलं'?… म्हणजे काय?… हां, पाणी गार लागतंय म्हणून काकूंनी आतून हाक मारली आणि यांनी बाहेरून गिझर चालू केला… आणि कालपासून तेवढंच घोकत बसलेत?… पाण्याचा घोटही नाही?… अरे, पण त्यात त्यांचं काय चुकलं? बायकोने हाक मारली, नवऱ्याने बटण दाबलं!

थांब हां जरा… काय हवंय आजोबा? होल्डर? ते बघा उजवीकडे, खालच्या खोक्यात, घ्या तुमच्या हाताने… हो, हो, पैसे नंतर द्या… नाही, काही नाही झालं, सर्दी झालीय मला.

हां, बोल. गेले ते. बोर्ड उघडलास?

मग?

अरे, मग? काय दिसतंय?

ठिणग्या, ती हिरवी तार बघ. अर्थिंगची… बघ ना, पिनच्या मागे असेल… नाही?… दुमडून ठेवलीय?

आणि वर टेप गुंडाळलीय.

थांब.

म्हणजे तुटली नाही, सुटली नाही. जोडलेलीच नव्हती. कुणीतरी नीट दुमडून, टेप लावून ठेवली आणि वरून झाकण बसवलं… हो रे, मला कळतंय गिझर आतून खराब झाला म्हणून! गिझर आज ना उद्या आतून खराब होणारच. झाला तरी माणसाला धक्का बसू नये म्हणून तर ती तार असते ना? हे मी तुला सांगायचं? मी गल्ल्यावर बसणारी बाई?

कोण? मिस्त्री?… नाही. मिस्त्रीवर ढकलू नकोस. हा गिझर आपण बसवला तेव्हा त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्याच्या घरी डबा मीच पोचवत होते… तो काम सोडून गेला म्हणून काय आता सगळं त्याच्याच डोक्यावर फोडायचं?… मग कोण होतं? दुसऱ्या गाडीवरची मुलं तर तेव्हा शाळेचं काम करत होती.

बोल ना रे.

…

हळू बोलते, थांब. बाबा आतून उठून आलेत… काही नाही हो बाबा, तुम्ही बसा… नाही, त्यांना ऐकू नाही गेलं. पण माझं तोंड बघून दारातच उभे राहिलेत. काठी पण आणली नाहीये.

काय?… काय करतोस म्हणालास?… जोडून टाकतोस?

आत्ता?

वीज खात्याचे तपासणीवाले दुपारी यायच्या आत… तारेचा तुकडा आहे तुझ्याकडे… हो… हो… ऐकतेय मी.

…

नाही रे, आहे मी इथेच. विचार करतेय.

खरं सांगू? तू बोलायच्या आधीच माझ्या मनात आलं होतं. घरात कुणी नाही, किल्ली तुझ्या हातात. झाकण लावलं की झालं. मग गिझर वाईट निघाला, नशीब वाईट निघालं, काहीही म्हणता येईल… मला कळत नाही का? सगळ्यांची घरं या दुकानावर चालतात. तुझ्या बायकोला आठवा महिना लागलाय. हे बाहेर पडलं तर उद्यापासून साधा दिवा बदलायलाही आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. आणि तुला… तुला तर पोलीस…

हो, हो, राजा. मला माहितीय.

पण तू तिथे तार जोडलीस, तर इकडे काकांनी बटण दाबलं एवढंच उरतं ना रे. मग तो माणूस जन्मभर त्या बाकावरच बसलेला राहणार.

पक्कड खाली ठेव… ठेवलीस?… मला आवाज येऊ दे.

हां.

थांब, बाबा काहीतरी विचारतायत… काय हो बाबा?… घड्याळवाल्या काकांकडे आहे तो. त्या काकूंना धक्का बसला ना काल, त्या… हो, काम आपलंच…

ठिणग्या. ते विचारतायत, बल्ब पेटला होता का.

काय सांगू?

अरे, ते परत विचारतायत. 'काम झाल्यावर त्याने अर्थिंगला बल्ब लावून बघितला होता का? पेटला होता का?' त्यांच्यासमोर मी खोटं बोलू शकत नाही रे, लहानपणापासून जमलेलं नाही. तूच सांग, काय सांगू?

…

लावलाच नव्हता.

तू.

…

रडू नकोस. आधी सांग. सगळं सांग, पहिल्यापासून… हो… तार आखूड पडली… गाडीत तुकडा नव्हता… दुकान बंद झालं होतं… टोक उघडं नको राहायला म्हणून टेप लावलीस. उद्या येऊन जोडू असं मनाशी म्हणालास… आणि तो उद्या आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मीच तुला पलीकडच्या इमारतीत पिटाळलं… हो, फोनही मीच करत होते. 'झालं का, झालं का, पुढचे वाट बघतायत.' आठवतंय मला… नाही, तू माझ्यावर ढकलत नाहीयेस. खरं तेच बोलतोयस.

आणि काकूंना काय सांगितलंस निघताना? गिझर लावू नका म्हणालास?… मग काय म्हणालास?

'झालं, काकू.'

चहा दिला होता ना त्यांनी?… हो, त्या दिल्याशिवाय सोडायच्याच नाहीत.

माहितीय, माझ्यासमोर काय आहे आत्ता? ते काचेचं कपाट. बाबांचा बल्ब. जुना होल्डर, पिवळी पडलेली काच, दोन तारा: एक विजेला लावायची, एक अर्थिंगला, अर्थिंग नीट असेल तरच पेटणार. मीच ठेवला तिथे, गिऱ्हाइकांना दिसावा म्हणून. आणि दोन्ही गाड्यांवर एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'बल्ब पेटल्याशिवाय पेटी उचलत नाही.' बाबा एकटे सायकलवर फिरायचे तेव्हा कुठे काही लिहिलेलं नव्हतं. पण बल्ब पिशवीत असायचा. अंधार पडू दे, आई जेवणासाठी ताटकळू दे, तो पेटल्याशिवाय हत्यारांची पेटी उचलायचे नाहीत. आपण गाड्या घेतल्या, माणसं घेतली, आणि बल्ब कपाटात ठेवला.

सांगितलं मी बाबांना. मानेनेच सांगितलं… खुर्ची धरून उभे आहेत.

ऐक ना… अरे ऐक, तिकडे दुकानातला फोन वाजतोय… दवाखान्यातूनच असेल. तू ठेवू नकोस. मोबाईल इथेच टेबलावर ठेवते, चालूच. ठेवू नकोस हां.

हॅलो?… हो, दुकानातूनच बोलतेय… कोण?… काका. बोला ना.

…

कधी?

…

हो काका. ऐकतेय… हो… हो…

नाही, नाही, तुम्ही कसली माफी मागता! त्रास कसला आम्हाला… आमचा माणूस आहे तिथे तुमच्या घरी, हो, आत्ता आहे… गिझर काढून टाकू, हो. परत कुणाचा हात नको लागायला, बरोबर आहे…

काय?… बटण?

काका, ऐका. ऐका ना माझं जरा. गिझरचं बटण घराघरात माणसं रोज दाबतात. तुमच्या हातून काही झालेलं नाही. आमच्या हातून झालंय… हो. आमच्या. धक्का बसू नये म्हणून एक तार असते, ती आम्ही जोडलीच नव्हती. ती असती तर काकू… काकू आज घरी असत्या… नाही, समजूत काढत नाहीये मी. आत्ताच बोर्ड उघडून बघितलाय. माझ्या भावाने बसवला होता तो गिझर. उद्या येऊन जोडू असं त्याने ठरवलं आणि राहून गेलं. कामांची घाई मी लावली होती.

…

काका?

…

नाही. तुम्ही नाही.

हो, तपासणीवाल्यांनाही हेच सांगणार. पोलिसांनाही. तुमच्या मुलांसमोर सांगेन… नाही काका, तुम्ही नाही… तुम्ही नाही हो… किती वेळा विचारा… तुम्ही नाही.

शिव्या द्या ना. द्या. ऐकतेय मी.

…

ठेवला त्यांनी.

हॅलो… आहेस ना?… ऐकलंस?

हो. गेल्या. आत्ताच, थोड्या वेळापूर्वी.

…

हो… हो रे… मला माहितीय तुला काय वाटतंय. मलाही तेच वाटतंय. भिंतीला टेकून बस खाली. पाणी असेल तर पी.

आता ऐक. त्या बोर्डाला हात लावू नकोस. झाकण उघडंच राहू दे, टेप तशीच राहू दे. घराचं दार उघडं ठेव, शेजारच्या वहिनींना बोलावून शेजारी बसव. मी निघालेय, शटर ओढते आणि आलेच. तपासणीवाले आले की तू बोलशील. पहिल्यापासून. जमलं नाही तर मी बोलेन, पण सुरुवात तू करायची… हो, तुझ्या बायकोला मीच सांगेन, घरी जाऊन, समोर बसून. फोनवर नको.

बाबा? तेही येतायत. नको म्हटलं तर ऐकतायत कुठे, चपला घालून दारात उभे आहेत.

नाही. घरी नाही जायचं. कुठेच नाही जायचं. मी येईपर्यंत पेटी उचलायची नाही, ऐकलंस?

ठेवते.