जड क्लच

गॅरेजच्या बाकावर अण्णा आपल्या जुन्या गाडीची वाट बघत बसले होते. सुनेनं हट्टानं याच गॅरेजात टाकायला लावली होती. पत्र्याच्या आडोशामागे एक बाई मेकॅनिकशी दबक्या आवाजात बोलत होती. अण्णांचे गुडघे कुरकुरायचे, पण कान अजून शाबूत होते.

"बाबा येऊन ऑटोमॅटिक मागतील. सांगा, या गाडीला तो गिअरबॉक्स बसतच नाही."

"नाहीच बसत, ताई. पण ते गाडीच बदलतील की."

"नको हो! परवा रिव्हर्सऐवजी पहिला टाकला त्यांनी. क्लच झटकन सुटला, म्हणून गाडी गचका खाऊन बंद पडली. पुढ्यात माझी मुलगी उभी होती. ऑटोमॅटिक असती तर..."

"पाणी घ्या आधी."

"चालवू नका म्हटलं की जेवण सोडतात. तुम्ही क्लच जड करून द्या. पाय भरून आला की आपणहून किल्ली ठेवतील."

"प्लेट नवी टाकतो, केबल मात्र जुनीच, कोरडी ठेवतो. पेडल दगडासारखं लागेल."

"त्यांना कळलं तर?"

"अजून कुणालाच कळलेलं नाही. सगळे वयालाच दोष देतात."

"सगळे म्हणजे?"

अण्णांनी डावा पाय हळूच बाकाखाली ओढून घेतला. मेकॅनिक फडक्याला हात पुसत बाहेर आला, त्यांना बघून थबकला, मग तोंडभर हसला.

"झाली तुमची गाडी, अण्णा! सूनबाईंचा फोनही येऊन गेला. क्लच जरा जड लागेल हं, नवा आहे ना."