ज्यात बाबा जात नाहीत असा सिनेमा

मुलांसाठी चांगला सिनेमा सुचव, असं कोणी म्हटलं की आता मला आधी थकायलाच होतं. माझी धाकटी बहीण मनीषा जुईनगरला आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहते. तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. तिच्या मुलीला, रेवाला सुट्टी लागली तशी मनीषा म्हणाली, "ताई, तिघी मिळून काहीतरी बघूया. फक्त त्यात बाबा जायला नकोत."

मला वाटलं, सोपं काम आहे. ऑफिसमधून आले की चहा घेऊन शोधत बसायचे. राजकन्येचे बाबा जातात, सशाचे जातात, जादूगाराचेही जातात. लहान मुलांच्या सिनेमात एवढे बाप मरतात, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने उंटाच्या पिल्लाचं कार्टून सांगितलं. "मस्त हसवतं, डोळे झाकून लाव," म्हणाली.

रविवारी जेवणं उरकून तिघी बसलो. थोड्याच वेळात वाळूचं वादळ आलं आणि पिल्लाचे बाबा त्यात गेले. मनीषा उठून किचनमध्ये गेली. मी घाईघाईने रिमोट उचलला.

"रेवा, हे बोअर आहे गं. दुसरं लावते."

तिने टीव्हीवरची नजर हलवली नाही. "राहू दे मावशी. पिल्लू आणि त्याची आई आता काय करतात, ते बघायचंय मला."

मग किचनकडे वळून म्हणाली, "आई, तू पण ये."