चिकटवहीत मी कुठे?

...नाही, पण मला एक सांगा, "अगदी सोप्पं आहे" असं म्हणणाऱ्या माणसाने ते काम स्वतः कधी केलेलं असतं का हो? ती व्हिडिओतली बाई बघा! रंगवलेली नखं, टेबलावर धुळीचा कण नाही, आतल्या खोलीतून "माझा चष्मा कुठंय" म्हणून कुणी ओरडत नाही... आणि मान वाकडी करून म्हणते कशी, "मैत्रिणींनो, आज आपण स्वतःच्या आठवणींचं एक छानसं पुस्तक बनवणार आहोत. अगदी सोप्पं आहे! फक्त स्वतःचे आवडते फोटो घ्या..." घ्या! जसे काही स्वतःचे फोटो टोपलीत कांद्यांसारखे पडलेलेच असतात, हात घातला की चार वर आले!

तुम्हाला सांगते, हे खूळ काही माझं नव्हे. मी आपली रिटायर होऊन स्वस्थ बसले होते. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे मी. सगळी नोकरी त्या अंधाऱ्या खोलीत गेली. लोकांच्या बरगड्या, लोकांचे मणके, लोकांची गुडघेदुखी... माणसं मला चेहऱ्याने कमी आणि हाडांनी जास्त लक्षात राहायची. तर रिटायर झाले, आणि आमच्या सूनबाईंनी हे एवढं जाडजूड, कोरं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. सोबत रंगीत कागद, नक्षीची कात्री, फुलाफुलांच्या चिकटपट्ट्या. म्हणाली, "आई, हे जर्नल. यात फक्त तुम्ही. बाबा नाहीत, आम्ही नाही, फक्त तुम्ही!" ती म्हणते जर्नल, मी म्हणते चिकटवही. मी म्हटलं, "अगं बाई, मी एकटी एवढी पानं भरणार कशी?" तर म्हणाली, "अगदी सोप्पं आहे, आई!" आणि तो व्हिडिओ लावून देऊन गेली ना ऑफिसला निघून!

मीही म्हटलं, चला, करून बघू. पहिली दुपार गेली मुखपृष्ठात. लाल कागदातून "मी" हे अक्षर कापायचं होतं. कापून बघा तुम्ही! म दिसतो बापुडा सरळ, पण कात्री आत शिरली की त्याचा भ होतो. शेवटी एकदाचं जमलं, चिकटवलं, आणि आमच्या ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, बघितलं, आणि विचारलं, "मी? मी कोण?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मोठमोठ्यांना सापडलं नाही ते मला दुपारी तीन वाजता कुठून सापडणार!

असो. फोटो घ्या म्हणाली ना बाई, म्हणून मी माळ्यावरून फोटोंचे डबे काढले. सगळे जमिनीवर ओतले आणि बसले फतकल मारून. तासभर चाळले. हे म्हणाले, "काय शोधतेयस?" मी म्हटलं, "मला." तर म्हणतात, "बरं. सापडलीस की हाक मार."

पण सापडेन कशी? तुम्हाला सांगते, घरात कॅमेरा आला त्या दिवसापासून तो माझ्याच गळ्यात! कुणी फोटोला उभं राहिलं की सगळे एका सुरात, "वहिनी, तुम्ही काढा हं, तुमचा हात स्थिर! तुमचं तर कामच ते!" अहो, माझं काम फुप्फुसाचे फोटो काढायचं! बरं, सवय वाईट असते. मी कॅमेरा डोळ्याला लावला की तोंडातून आपोआप निघायचं, "श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका..." आणि आमच्या घरची माणसं इतकी आज्ञाधारक, की सगळे खरंच धरून ठेवायचे! त्यामुळे आमच्या घरातला एकूणएक फोटो बघा, सगळ्यांच्या छात्या फुगलेल्या, गाल फुगलेले, डोळे बाहेर. समुद्रावर, बागेत, वाढदिवसाला... केक समोर ठेवलाय आणि मागे आख्खं कुटुंब बुडायला आलंय! आमचे हे तर प्रत्येक फोटोत पहिलवान दिसतात. मुलाचा शाळेत जायचा पहिला दिवस... लेकरू निळं पडलंय, कारण मी "सोडा" म्हणायला विसरले होते.

आणि या सगळ्यांत मी कुठे? समुद्राच्या फोटोत खाली वाळूवर एक लांबलचक सावली पडलीय, ती मी. बागेच्या फोटोत कडेला एक कोपर आलंय, ते माझं, कारण लेन्सचं झाकण उचलायला मी वाकले होते आणि बटण दाबलं मुलाने. एकदा कुठल्याशा हॉटेलच्या आरशासमोर मी मोठ्या हौशीने स्वतःचा काढला, तर चेहऱ्याच्या जागी फ्लॅशचा गोळा! गळ्यापर्यंत बाई, वर सूर्य. एका फोटोत अर्धी वेणी. झालं. संपले मी.

"फक्त आवडते निवडा," म्हणे. "अगदी सोप्पं आहे!" हो बाई, सोप्पंच आहे, निवडायला आहेच काय? सावली की कोपर!

पण मी पण हट्टी. म्हटलं, आहे ते आहे. नक्षीची कात्री घेतली, कोपर गोल कापलं, पहिल्या पानावर लावलं, भोवती फुलांची पट्टी. दुसऱ्या पानावर सावली. तिसऱ्यावर वेणी. हे डोकावले, म्हणाले, "हे काय? अपघाताची नोंद?" मी म्हटलं, "मी आहे ती." त्यांनी कोपराचं पान निरखलं आणि विचारलं, "हे तुझंच कशावरून?" ...इतकी वर्षं ज्या माणसाशी संसार केला, तो माझं कोपर ओळखत नाही! मी कुठल्याही पेशंटचं कोपर तीन महिन्यांनी ओळखायचे हो!

आणि मग, तुम्हाला सांगते, एका डब्याच्या तळाला चिकटून राहिलेला तो फोटो सापडला.

बसस्टँडवरचा. माझी नणंद पहिल्या नोकरीला, लांबच्या गावी निघाली होती तेव्हाचा. घरात त्यावरून केवढं रामायण झालं होतं! माझ्या सासूबाईंना ते अजिबात पसंत नव्हतं. पोर एकटी, परकं गाव... "जायचं तर जा, मला विचारू नकोस," म्हणाल्या आणि त्यांनी तोंडच मिटलं. निघेपर्यंत लेकीशी एक अक्षर नाही. बसस्टँडवर आल्या, पण मागे उभ्या, डब्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून. बिचारी नणंद सगळ्यांच्या पाया पडल्यासारखी सगळ्यांकडे बघत होती आणि आईकडे बघायची हिंमत नव्हती. मी आपला कॅमेरा काढला. तेवढ्यात बसचा ड्रायव्हर, चांगला आडवातिडवा माणूस, म्हणाला, "ओ ताई, तुम्ही पण उभ्या राहा की! आणा तो कॅमेरा इकडं, मी काढतो. पण लवकर, मला गाडी काढायचीय!" आणि त्याने कॅमेरा असा दोन्ही हातांत धरला, स्टिअरिंगसारखा, आणि वळणावर वळवावा तसा वळवून बटण दाबलं!

फोटोत काय आलं? मध्ये बसच्या पायरीवर नणंद, एका बाजूने दिसणारी, डोळे भरलेले. बाजूला आमचे हे, छाती फुगवून, कारण मी मागून "धरून ठेवा" म्हटलं होतंच. ह्यांच्या छातीमागे मी पूर्ण झाकलेली. त्यांच्याही मागे सासूबाईंचं नुसतं कपाळ. आणि नणंदेच्या पाठीवर ठेवलेला, नीट, स्वच्छ, सगळी बोटं दिसणारा... एक हात. माझा. करंगळी वाकडी आहे ना माझी, नोकरीला लागल्या लागल्या एक्स-रेची फिल्म ठेवायच्या खणात चेंगरली होती... ही बघा. ती करंगळीसुद्धा आलीय.

काय सांगू तुम्हाला किती आनंद झाला! म्हटलं, हे खरं माझं पान. तोंड नसेना का, पण मी काहीतरी करतेय तरी यात! हा फोटो कापायचा नाही, आख्खा लावायचा.

पण सूनबाईंचा तो नाजूक डिंक, तो कोपरालाच पुरला नव्हता, सारखं निघून यायचं. हे उठले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामात मदत करायला उठले! हत्यारांच्या पेटीतून एक ट्यूब आणली. "ही घे. याने मी खुर्चीचा पाय बसवलाय, हत्ती बसला तरी निघणार नाही." मी लावलं चार कोपऱ्यांना, बोटाने दाबलं... बसला फोटो! मग पेन घेतलं आणि खाली सुंदर अक्षरात लिहायला सुरुवात केली, "हा हात..." आणि बेल वाजली.

दारात नणंद. आता तीही साहेबीण आहे हो, मोठ्या हुद्द्यावर, केस पांढरे. सहज आली होती. "वहिनी, काय पसारा मांडलायस?" म्हणत वाकली, आणि ते पान बघून मटकन खालीच बसली. मी म्हटलं, "काय गं?" तर त्या फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "हा तुझ्याकडे होता? माझा घर बदलताना हरवला. किती शोधला मी, वहिनी..." आणि मग त्या हातावर बोट थांबलं. "आई एक शब्द बोलली नव्हती ना तेव्हा. पण बसमध्ये चढताना पाठीवर हात ठेवला तिने. मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही, पण कळलं मला. पहिलं वर्ष फार वाईट गेलं गं तिकडे. रोज वाटायचं, परत जावं. मग मनात म्हणायचे, आईने हात ठेवलाय, म्हणजे तिची ना नाहीये."

आता बोला!

आमचे हे, ज्यांना मघाशी माझं कोपर ओळखता आलं नाही, त्यांना नेमकी आत्ता स्मरणशक्ती फुटली! म्हणतात, "अगं, पण आईच्या तर दोन्ही हातांत पिश..." मी म्हटलं, "अहो! चहा ठेवा!" म्हणाले, "मी?" मी म्हटलं, "तुम्ही! आत्ता!" माणूस इतका दचकला, की पातेलं कुठे असतं हेसुद्धा न विचारता स्वयंपाकघरात गेला.

आणि मी बसलेय, हातात पेन. पानावर "हा हात" एवढंच लिहिलेलं. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. त्यांच्याही मनात तेव्हा काय होतं, मी काय सांगू? त्या पिशवीचे बंद त्यांनी इतके घट्ट धरले होते, की बोटं पांढरी पडली होती, ते मी पाहिलं होतं. पाठीवर हात ठेवायला गेल्या असत्या, तर बहुतेक रडल्याच असत्या. म्हणून मी ठेवला. कुणीतरी ठेवायला हवा होता ना!

नणंद डोळे पुसत म्हणाली, "थांबलीस का? लिही ना."

म्हटलं, "तेच लिहीत होते गं," आणि लिहिलं, "हा हात आईंचा."

माझ्या वहीत! वर लाल कागदाचं एवढं मोठं "मी"! अगदी सोप्पं आहे, म्हणे... चार अक्षरं लिहायला मला इतका वेळ लागला, की आतून ह्यांनी "साखर कुठंय" म्हणून तीनदा ओरडून झालं. वाईट वाटलं का? वाटलं की थोडं. एकच तर धड अवयव होता माझा. पण तिच्याकडे बघितलं, ती त्या करंगळीवरून हात फिरवत होती, आणि मला आपलं उगीचच पाठीवर ऊबदार वाटत होतं.

बरं, इथे संपावं की नाही? नाही! चहा पिऊन झाल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, हा फोटो मला देशील?" मी म्हटलं, "तुझाच आहे, घेऊन जा." आणि काढायला गेलो, तर कशाचा निघतोय! खुर्चीचा डिंक तो! नखाने प्रयत्न झाला, पट्टीने झाला, किटलीची वाफ दाखवून झाली. हे शेजारी उभे, अभिमानाने, "सांगितलं होतं ना, हत्ती!" शेवटी कोपऱ्याला जरासं फाटायला लागलं, तशी नणंदेने माझा हात धरला. "नको नको, वहिनी, फाटेल! असं करते, मी वहीच घेऊन जाते!"

आणि गेली की हो! कोपर, सावली, वेणी, फुलांच्या पट्ट्या, मला आख्खीच्या आख्खी काखेत मारून रिक्षात बसली आणि गेली!

काल तिचा फोन आला. ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवली म्हणे, सगळ्यांना फार आवडली. मग जरा चाचरत विचारते, "वहिनी, पुढची पानं कोरीच आहेत गं... तिथे मी माझे फोटो लावले तर चालेल ना?"

मी म्हटलं, "लाव की. फक्त डिंक बेताने लाव."